नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या गावांत कॅथलिक धर्म रुजवला कुणी? फादरांनी की मास्तरांनी?

शरणपूर_रोड: तिथं सुरुवातीला फादर मूठभर, तरी गावोगाव कॅथलिक. जमलं कसं?

गोदाकाठ: मास्तरांमुळेच. कॅथलिक मिशन ओनित्शा या तिथल्या गावात आलं १८८५ला. आधी भर गुलाम सोडवून वसवण्यावर. १९०५ला सूत्रं हाती आल्यावर मिशनप्रमुख फादर शानाहान यांनी तो शाळांकडे वळवला. गाव जागा द्यायचं, मातीची शाळा बांधायचं. मास्तर तिथंच राहून अक्षरं शिकवायचे, धर्माची प्रश्नोत्तरं इग्बोतून घोकून घ्यायचे, रविवारची प्रार्थनाही चालवायचे. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) नि पापकबुली मात्र फादर फेरीवर आले तरच. मरणाच्या दारातल्याला बाप्तिस्मा देणं मास्तरांना चालायचं.

पंचवटीकर: गोची पगारात, ताई. गावाला हवं इंग्रजी, आणि इंग्रजी येणारा मास्तर सरकारी कारकुनीत किंवा व्यापारी कंपनीत निघून जायचा. शिवाय दोन बायका असलेल्याला बाप्तिस्मा नाही. म्हणून पोरं आत, बाप बाहेर.

जुनं_नाशिक: गुलामांच्या वसाहतीवरून आपल्या नाशिकच्या शरणपूरशी गल्लत नको. १८५४ची ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे प्रोटेस्टंट. हीच सोसायटी ओनित्शात १८५७लाच पोचली होती. म्हणून तर शाळांची एवढी चढाओढ: शेजारच्या गावानं एका मिशनचा मास्तर आणला की हे गाव दुसऱ्याकडे मागणी घेऊन हजर!