स्प्रिंग गेमला मराठीत काय म्हणावं?

लिंकनवासी:
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर मराठीत लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. कॉलेजच्या संघांना वसंतात 15 सरावांची मुभा असते. त्यातला शेवटचा बहुधा प्रेक्षकांसमोर होतो, आपलाच संघ दोन भागांत वाटून. हा स्प्रिंग गेम. 'वसंत सामना' लिहिलं की व्याख्यानमालेची आठवण होते. 'सराव सामना' म्हटलं तर दुसऱ्या कुठल्या संघाशी खेळले असं वाटतं. 'रंगीत तालीम' कसा वाटतो?

मात्रावेलांटी:
तो नकोच. रंगीत तालमीत पोशाख, प्रकाश, संगीत सगळं प्रयोगासारखंच असतं आणि प्रयोग तोंडावर आलेला असतो. इथे मोसमाला चार महिने अवकाश. शिवाय प्रशिक्षक खऱ्या चाली झाकून ठेवतात, कारण सामना टीव्हीवर दिसतो आणि पुढचे प्रतिस्पर्धी तो पाहतात. अशा साध्यासुध्या खेळाला तिकडे 'व्हॅनिला' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'हातचं राखून खेळणं' आहेच.

रंकाळा:
आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे अख्खा फुटबॉल संघच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. धागा उघडला तो शाहू स्टेडियमवर काय चाललंय बघायला! तुमचा फुटबॉल हातात धरून पळायचा, ते ठाऊक आहे. पण कुस्तीतला शब्द घ्या की, खडाखडी. डाव टाकायच्या आधी एकमेकाला अजमावतात ती.

मात्रावेलांटी:
शब्द झकास, पण खडाखडी ज्याला चीत करायचंय त्याच्याशी होते. इथे दोघेही एकाच वस्तादाचे पठ्ठे. मला साधा 'आपसातला सामना' पटतो.

ओहायोकर:
नाव काहीही ठेवा, 'जिंकले' आणि 'हरले' ही क्रियापदं मात्र जपून वापरा. गुण मोजायचीही एक रीत नाही. काही ठिकाणी आक्रमण विरुद्ध बचाव असा सामना लावतात आणि चेंडू हिसकावला की बचावालाही गुण देतात. अलाबामा विद्यापीठात निक सेबन प्रशिक्षक असताना जिंकणाऱ्यांच्या ताटात स्टेक आणि हरणाऱ्यांच्या ताटात बीन्स-सॉसेज पडायचं. निकालाची किंमत एवढीच. गर्दी मात्र खरीखुरी. 2007 मध्ये सेबन यांच्या पहिल्याच वसंतात 92 हजारांहून जास्त लोक आले होते आणि 2016 ला आमच्या कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्या सामन्याला, 1,00,189.

मी स्वतः गुणफलकाकडे बघत नाही, फळ्या बघतो, म्हणजे आधी खेळणारे कोण आणि त्यांच्या मागचे राखीव कोण. पहिल्या फळीतला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) तिसऱ्या फळीतल्या, शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेल्या पोराला चकवून टचडाउन (चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार जाणं) करून आला, तर त्यातून कळलं काय? आणि दोघंही पहिल्या फळीतले असले तरी पंचाईत आहेच. आपला रिसीव्हर चांगला की त्याला अडवणारा आपला कॉर्नरबॅक कच्चा? घरातल्या घरात काही ठरत नाही. म्हणून चेंडू फेकला जात असताना मी खाली, आक्रमणाच्या पाच लाइनमनकडे, म्हणजे फेकणाऱ्याला राखणाऱ्या गड्यांकडे, बघतो. दुसऱ्या फळीचे पाचही जण दर खेपेला मागे रेटले जात असतील, तर ऑक्टोबरात एखाद-दोघं जायबंदी झाल्यावर काय होणार ते एप्रिलमध्येच दिसतं. डिसेंबरात शाळा उरकून जानेवारीत कॉलेजात दाखल झालेली पोरंही बघायची ती इथेच, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा नको.

लिंकनवासी:
बरं, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या गड्याच्या, जर्सीला काय म्हणू? तिचा रंग वेगळा असतो, म्हणजे याला पाडायचं नाही. बचावपटू सुसाट येतो, कमरेला हात लावतो, लगेच शिट्टी; तो हात वर करून बाजूला होतो आणि खेळ थांबतो. आमच्या घरात याला 'लिंबूटिंबू' म्हणतात. लेखात चालेल?

मात्रावेलांटी:
अर्थ उलटा होईल. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, कारण तो जमेतच नसतो. इथे तर संघातला सगळ्यात मोलाचा गडी. 'अभय' शब्द वापरा. अभय-जर्सी.

ओहायोकर:
मला लिंबूटिंबूच आवडला! कारण त्या जर्सीत त्याचा खेळ खरंच धड जमेत धरता येत नाही. शिट्टी वाजली नसती तर तो निसटलाही असता. म्हणजे तिथले सॅकचे (फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचे) आकडे निम्मेअधिक पोकळ, आणि पळून यार्ड काढणाऱ्या क्वार्टरबॅकचं तर मोजमापच होत नाही. क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेल आठवा. 2012 च्या वसंतात टेक्सास ए अँड एममध्ये त्याची जागा पक्की नव्हती, डिसेंबरात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याच्या हातात. उलटं उदाहरण क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगचं. 2024 च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या स्प्रिंग गेममध्ये 355 यार्ड, 3 टचडाउन. लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं. मोसम सुरू झाला तेव्हा जागा क्विन यूअर्सकडेच. तो जखमी झाला तेव्हा मॅनिंगला दोन सामने सुरुवातीपासून खेळायला मिळाले.

उंटावरचा शहाणा:
तुमचा शब्द ठरेपर्यंत वस्तूच उरायची नाही. 2025 मध्ये नेब्रास्काने नेहमीचा स्प्रिंग गेम खेळवलाच नाही. प्रशिक्षक मॅट रूल यांनी कारण उघड सांगितलं, चार लोकांसमोर आपला खेळाडू चमकला की दुसरे संघ त्याला गळ टाकतात. टेक्सासनेही त्या वर्षी सामना टाळला. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, आल्यापासून संघ बदलणं सोपं झालंय. पूर्वी चाली लपवायचे, आता माणसं लपवतात.

मात्रावेलांटी:
लिंकनवासी, हे लेखात घ्याच. शब्दापेक्षा जास्त कामाचं आहे.

लिंकनवासी:
घेतो. पहिल्यांदा 'स्प्रिंग गेम', पुढे सगळीकडे 'आपसातला सामना', आणि क्वार्टरबॅकला अभय-जर्सी. लिंबूटिंबू घरात राहू दे. 'रेडशर्ट'साठी (खेळायच्या हक्काचं वर्ष वाचवायला मोसमभर बसवून ठेवलेला खेळाडू) उद्या वेगळा धागा काढतो, तिथे भांडू.