टँक आधी पाण्याचाच

वर कुणीतरी लिहिलंय की टँक म्हणजे मूळ रणगाडा, पाण्याचा अर्थ मागाहून चिकटला. उलटं आहे ओ! इंग्रजांनी हा शब्द सतराव्या शतकात इकडनंच उचलला: गुजराती-मराठीतलं टाकं. पोर्तुगीज 'तांके'चाही हातभार असावा. इथं इंग्रज तळ्यालाही टँकच म्हणायचे, म्हणजे आपला रंकाळाही टँकच की. रणगाडा लढाईत उतरला १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. गुपित राखायला 'पाण्याच्या टाक्या बनवतोय' अशी हूल उठवली आणि तेच नाव बसलं.

काल गच्चीवर प्लंबर म्हणाला, "मालक, टँकचा बॉलकॉक गेलाय." टाकी म्हण की लेका! पन्हाळ्यावरचं कातळातलं टाकं आठवलं.