हद्दवाढीत संमती नेमकी कोणाची मोजली जाते?

प्रश्न

शहराची हद्द वाढवून शेजारची गावे किंवा मोकळी जमीन आत घेतली जाते, तेव्हा तेथील रहिवाशांना नकार देण्याचा अधिकार कायद्याने असतो का? हद्दवाढीनंतर कर, बांधकामाचे नियम, रस्ते-पाण्याची जबाबदारी आणि मतदारसंघ असे सगळेच बदलते. ज्यांच्यावर हा बदल होतो त्यांना केवळ हरकत नोंदवता येते, की निर्णय रोखताही येतो? निरनिराळ्या ठिकाणचे कायदे याकडे कसे पाहतात, हे जाणकारांनी उदाहरणांसह सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

असा अधिकार मूलतः नसतो. कायद्याने दिला तरच तो मिळतो. अमेरिकेतील या विषयावरचा पायाभूत निकाल १९०७ सालचा आहे. पिट्सबर्गला नदीपलीकडचे अ‍ॅलेघेनी हे स्वतंत्र शहर आपल्यात सामावून घ्यायचे होते आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार त्यासाठी दोन्ही शहरांत मतदानही झाले. परंतु मते एकत्र मोजायची असल्याने मोठ्या शहराचा कौल हाच सर्वांचा कौल ठरला. अ‍ॅलेघेनीतील बहुसंख्य मतदारांनी विरोध करूनही ते शहर विलीन झाले. नगरपालिका ही राज्याची निर्मिती असून तिची हद्द राज्य आपल्या इच्छेनुसार बदलू शकते, रहिवाशांची संमती घेण्याचे घटनात्मक बंधन राज्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले. म्हणून आपल्या प्रश्नात मी एक भर घालेन: मतदान होते की नाही यापेक्षा मते एकत्र मोजली जातात की वेगवेगळी, हे आधी तपासले पाहिजे.

राज्यांनी पुढे स्वतःहून बंधने घातली. टेक्सासमध्ये शहरांना दीर्घकाळ एकतर्फी हद्दवाढ करता येत असे. २०१७ च्या कायद्याने मोठ्या लोकसंख्येच्या काउंटींत (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांत) आणि २०१९ पासून राज्यभर त्यासाठी रहिवाशांची किंवा जमीनमालकांची संमती साधारणपणे आवश्यक झाली. काही अपवाद मात्र आहेत.

प्रतिसाद २

भारतातील चौकट निराळी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-थ नुसार एखादे क्षेत्र नागरी ठरवताना राज्यपालांनी लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हे निकष पाहायचे असतात. या यादीत रहिवाशांची संमती नाही. महाराष्ट्रात महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली शासन प्रारूप अधिसूचना काढते, हरकती व सूचना मागवते आणि मग अंतिम अधिसूचना प्रसिद्ध करते. कल्याण महानगरपालिकेच्या स्थापनेवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असे ठरवले की हे काम कायदे करण्याच्या स्वरूपाचे असल्याने त्याला नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, म्हणजे निर्णयापूर्वी बाधितांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखी बंधने, लागू होत नाहीत. कायद्याने सांगितलेली प्रक्रिया शासनाने पाळली पाहिजे, इतकेच. म्हणजे हरकत नोंदवण्याचा हक्क आहे, पण तिच्या बळावर निर्णय रोखण्याचा नाही. माझ्या मते ही उणीव गंभीर आहे, कारण हद्दवाढीमुळे ग्रामपंचायतीसारखी निवडून आलेली संस्था त्या क्षेत्रापुरती संपुष्टात येते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरीही संमतीला सर्वस्व मानण्याबाबत मला शंका आहे. हद्दीलगत राहणारे लोक शहरातील रस्ते, रुग्णालये आणि रोजगार यांचा लाभ घेतात, पण त्यांचा खर्च हद्दीच्या आत राहणाऱ्यांवर पडतो. संपन्न वस्त्यांना कायमचा नकाराधिकार दिला, तर शहराकडे गरजा उरतात आणि करांचे उत्पन्न बाहेर जाते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. व्हर्जिनियातील रिचमंडने १९७० मध्ये शेजारच्या काउंटीचा मोठा भाग आत घेतला आणि शहरातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, नगर परिषदेच्या निवडणुका १९७७ पर्यंत रखडल्या आणि शेवटी सरसकट मतदानाऐवजी (म्हणजे सर्व सदस्य संपूर्ण शहराने निवडण्याऐवजी) प्रभागनिहाय निवडणूक आल्यावर तिढा सुटला. तेथे आधीपासून शहरात असलेल्यांच्याच मताचे वजन घटत होते. आपल्या प्रश्नात केवळ बाहेरच्या रहिवाशांचा विचार आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

प्रश्नकर्ता

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मग ज्यांची संमती घेतली जात नाही, त्यांना मोबदल्यात कायदा काही देतो का? कर लगेच वाढतो आणि पाणी मात्र अनेक वर्षे पोहोचत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते.

प्रतिसाद १

देऊ शकतो, आणि मला वाटते की खरा आग्रह येथेच धरावा. टेक्सासच्या जुन्या, एकतर्फी पद्धतीतही शहराला हद्दवाढीपूर्वी सेवांचा आराखडा तयार करावा लागत असे. पूर्ण नागरी सेवा देण्यासाठी सर्वसाधारणपणे अडीच वर्षांची मुदत होती. शहराने आराखडा पाळला नाही, तर रहिवाशांना न्यायालयात जाऊन हद्दीतून बाहेर पडण्याची मागणी करता येत असे.

प्रतिसाद २

महाराष्ट्रात समाविष्ट क्षेत्रांना मालमत्ताकर टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे, पण सेवा ठरावीक मुदतीत देण्याशी ती वाढ जोडलेली नाही. जोवर पाणी आणि मलनिस्सारण पोहोचत नाही तोवर कराचा पुढचा टप्पा लागू होणार नाही, एवढी एक ओळ अधिनियमात घातली, तरी हरकतींच्या सुनावणीपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.