शब्दचर्चा: 'निष्क्रिय विषाणू' की 'सुप्त विषाणू'?

प्रश्न: एपस्टाइन-बार विषाणूवर लिहिते आहे. हर्पीस कुळातला हा विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो आणि एकदा शिरला की जन्मभर मुक्काम करतो. त्या मुक्कामाला 'निष्क्रिय' म्हणावे की 'सुप्त'? 'हर्पीस'साठी 'नागीण' चालेल का?

उत्तर: 'निष्क्रिय' नकोच. बी-पेशींच्या (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) केंद्रकात या विषाणूचा डीएनए कड्यासारखा पडून असतो. नवे विषाणू तयार होत नाहीत, पण काही मोजकी प्रथिने बनू शकतात. त्यातले ईबीएनए-१ हे प्रथिन ते कडे आपल्या गुणसूत्रांना बांधून ठेवते, म्हणून पेशी विभागली की विषाणूही दोन्ही पेशींत पोचतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर हेच प्रथिन वाढल्यावर ११व्या गुणसूत्रावरची एक नाजूक जागा तुटताना दिसली. याला निष्क्रिय कसे म्हणणार? 'सुप्त' शब्दात जाग येण्याची शक्यता धरलेली आहे. 'सुप्त गुण', 'सुप्त इच्छा' आपण त्याच अर्थाने म्हणतो.

'नागीण' मात्र टाळा. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. तो याच कुळातला, पण वेगळा. कुळाला 'हर्पीस'च राहू द्या.

प्रश्न: आणि 'कर्करोगाशी संबंधित' लिहावे की 'कर्करोगकारक'?

उत्तर: 'संबंधित' फार मिळमिळीत आहे. अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना १९६४ मध्ये हा विषाणू सापडला तोच मुळी बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींत. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसासाठी निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तेव्हा 'कर्करोगकारक' बरोबरच आहे.

दुसऱ्या उत्तरात भर: बरोबर आहे, पण नुसता तो शब्द वाचून माणूस घाबरेल. बहुतेक बाधितांना कर्करोग कधीच होत नाही. आफ्रिकेतल्या बर्किट लिम्फोमात मलेरियाचाही हात असतो. म्हणून 'काही कर्करोगांचे एक कारण' असे लिहावे आणि ते कोणते हेही सांगावे: बर्किट लिम्फोमा, नाकामागच्या घशाचा कर्करोग, जठराच्या कर्करोगांपैकी सुमारे १० टक्के. 'एक कारण'मधला 'एक' गाळू नका.

प्रश्न: सुप्त विषाणू जागा होतो त्याला 'पुनःसक्रियण'?

उत्तर: शोधनिबंधात ठीक. एरवी 'विषाणू पुन्हा उचल खातो' लिहा. दबलेल्या दुखण्याबद्दल मराठीत तसेच बोलतात.