कागदावर तुकडे जोडायला शिकताना

(जळगाव) गोधडी शिवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला तुकडे जोडायला कोणी शिकवावे लागत नाही, अशी माझी समजूत होती. कागदावरच्या जोडकामाने ती दोन दिवसांत मोडून काढली. या पद्धतीत नक्षी कागदावर छापलेली असते, तुकडे क्रमांकानुसार कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवले जातात, आणि टीप मात्र छापलेल्या बाजूने, नेमकी रेषेवरून मारायची असते. दुसरा तुकडा पहिल्यावर सुलटीवर सुलट ठेवायचा आणि टीप मारल्यावर उलटवायचा. मी तो उलटवल्यानंतर जसा दिसायला हवा तसाच आधी ठेवत राहिले, त्यामुळे प्रत्येक वेळी एक कोपरा उघडा पडला आणि उसवता उसवता कागदाचीच चाळण झाली. शेवटी जुनी लग्नपत्रिका कामी आली. पुढच्या रेषेवर तिची कड धरून कागद मागे दुमडायचा, बाहेर आलेले कापड पाव इंच माया (शिवणीबाहेर राखलेले जास्तीचे कापड) ठेवून कापायचे आणि नवा तुकडा त्या कापलेल्या कडेला लावायचा, की अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. खानदेशातील ज्या मंडळींनी हे काम शिकताना कापड वाया घालवले आहे, त्यांनी नेमके कुठे अडले ते लिहावे.

(अमळनेर) मी व्यवसायाने शिंपी. झब्ब्याला चार सूत माया ठेवणाऱ्या हाताला दोन सूत (पाव इंच) म्हणजे कंजूषपणाच वाटला. माया जास्त ठेवली तर बिघडते काय, असे मनात धरून मी चार सुतांनी एक चांदणी पूर्ण केली. तिच्या मध्यभागी आठ टोकांच्या शिवणी एकत्र येऊन असा गठ्ठा झाला की इस्त्री त्यावरून घसरू लागली. शिवाय कागद शिवल्याने सुई लवकर बोथट होते, म्हणून या कामाची सुई मी आता वेगळी ठेवतो.

(यावल) नक्षी उलटी येते हे वाचले होते, तरी मन मानेना. मी घराची नक्षी घेतली, कागदावर दार उजवीकडे होते, शिवून झाल्यावर ते डावीकडे गेले. सासूबाई चौकटीकडे, म्हणजे शिवून झालेल्या चौकोनाकडे, पाहून म्हणाल्या, "घर तं घरच शे ना बाई." त्यांचे खरेच होते, पण मला समोरासमोर दारे असलेली दोन घरे हवी होती आणि दोन्ही दारे एकाच दिशेला झाली.

(धुळे) माझी चूक शिवणात नव्हतीच. दुकानातून छापून आणताना नक्षी पानात बसवण्यासाठी लहान केली गेली, आणि बारा चौकटींपैकी शेवटच्या चार इतरांपेक्षा आखूड निघाल्या. आता नक्षीवरचा एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही.

(शिरपूर) आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले असताना आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे आणले. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड इतके मऊ झालेले असते की ते कागदावर सरकत राहते, आणि कागद फाडताना टाकेही ओढले जातात. तुकड्यांना भाताच्या पेजेची पातळ खळ दिल्यावर ते हाताशी आले. टाकाही बराच बारीक ठेवला. बारीक टाक्यांमुळे कागदाला जवळजवळ छिद्रे पडतात आणि तो पोस्टाच्या तिकिटासारखा रेषेवर सुटतो. तरीही पहिल्या चौकटीत मी घाई केली. चौकट झाल्याबरोबर कागद काढला, आणि बाहेरच्या कडांवर आडवे-तिरपे कापलेले तुकडे होते, ते ताणले जाऊन चौकटीचा एक बाजूला फुगलेला पापड झाला. पुढच्या आठही चौकटींचा कागद मी त्या एकमेकींना जोडून झाल्यावरच काढला. ती पापडासारखी चौकट अजून कशालाही जोडलेली नाही; सध्या तिच्यावर टाचण्या टोचून ठेवते.