रोध कमी केला तर शक्ती वाढते कशी? ‘रोध’, ‘विभवांतर’, ‘शक्ती’ या शब्दांविषयी

प्रश्न

भाचीला दहावीचं विज्ञान शिकवताना अडलो आहे. उदाहरण साधं होतं: विभवांतर 230 व्होल्ट, धारा 5 अँपिअर. भागाकार केला, रोध आला 46 ओहम. गुणाकार केला, शक्ती आली 1150 वॅट. इथपर्यंत ठीक. मग तिनं विचारलं, “मामा, रोध म्हणजे अडथळा. अडथळ्यामुळे तार तापते. मग रोध निम्मा केल्यावर शक्ती दुप्पट का होते? कमी व्हायला हवी ना?” सूत्र दाखवून तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. शिवाय ‘विभवांतर’ वाचून तिला दोन बिंदूंमधली लांबी डोळ्यांसमोर येते. या शब्दांचे नेमके अर्थ कसे समजावावेत?

उत्तर

भाचीचा प्रश्न फार चांगला आहे. तिचं गणित बरोबर आहे, पण ‘अडथळा’ या एका शब्दावर ती सगळा भार टाकते आहे.

‘रोध’ हा ‘रुध्’ धातूपासून आला. विरोध, अवरोध, निरोध ही सगळी त्याचीच भावंडं, त्यामुळे अडवण्याचा अर्थ त्यात आहेच. पण विज्ञानात रोध हे एक गुणोत्तर आहे. विभवांतराला धारेनं भागलं की रोध मिळतो. 46 ओहम म्हणजे दर अँपिअरमागे 46 व्होल्ट. तिला आधी हे ‘मागे’ समजावून द्या.

आता तापण्याचं. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. त्यात रोध आणला की दोन रूपं मिळतात: धारेचा वर्ग गुणिले रोध, किंवा विभवांतराचा वर्ग भागिले रोध. पहिल्यात रोध वर आहे, दुसऱ्यात खाली, आणि दोन्ही खरी आहेत. कोणतं वापरायचं ते काय कायम आहे यावर ठरतं. तुमच्या उदाहरणात 230 व्होल्ट कायम आहेत. रोध 23 ओहम केला की धारा 10 अँपिअर होते आणि शक्ती 2300 वॅट. पण दोन रोधक (रोध असलेल्या वस्तू) एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले तर दोघांतून धारा एकच वाहते, आणि तिथे जास्त रोधाचाच जास्त तापतो. म्हणजे ‘अडथळ्यामुळे तापतं’ हे वाक्य चूक नाही, फक्त ते धारा कायम असतानाचं आहे. ते अर्धं शिकवलं जातं, म्हणून मुलं अडतात.

विभवांतरात ‘अंतर’ आहे ते फरक या अर्थी, ‘दोघांच्या वयात अंतर आहे’ म्हणतो तसं. आणि ‘विभव’ म्हणजे सामर्थ्य, संपत्ती. ‘वैभव’ त्यावरूनच झाला. रोजच्या बोलण्यातला ‘दाब’ मला समजवायला जास्त सोपा वाटतो, ‘उच्च दाबाची वाहिनी’ आपण म्हणतोच. एक पथ्य मात्र पाळा: धारा वाहते, विभवांतर वाहत नाही. ते दोन बिंदूंमध्ये असतं. ‘तारेतून 230 व्होल्ट वाहतात’ हे वाक्य ऐकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करावं.

आणखी एक उत्तर

थोडी भर घालतो. रोध ही राशी, रोधक ही वस्तू, रोधकता हा पदार्थाचा गुणधर्म. तांब्याची तार लांब केली की रोध वाढतो, रोधकता तीच राहते. दुरुस्तीच्या दुकानात ‘रेझिस्टन्स जळाला’ म्हणतात, तिथे चालून जातं. लिहिताना ‘रोधक जळाला’ असंच लिहावं.

‘शक्ती’बद्दल मला जास्त तळमळ आहे, कारण बोलताना आपण शक्ती, ऊर्जा, बल, जोर सगळं एकाच अर्थानं वापरतो. विज्ञानात शक्ती म्हणजे कार्य होण्याचा दर. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल, म्हणजे ‘दर’ वॅटच्या आतच आहे. म्हणून ‘किलोवॅट प्रति तास’ हे चूक, आणि ते छापून आलेलंही दिसतं. वीजबिलातलं युनिट म्हणजे किलोवॅट गुणिले तास. तुमचे 1150 वॅट दोन तास वापरले तर 2.3 युनिट झाले. ही ऊर्जा, शक्ती नव्हे. ‘किती वीज लागते?’ या प्रश्नात धारा विचारली आहे, शक्ती की ऊर्जा, हे उत्तर देण्याआधी विचारून घ्यावं.

शुद्धलेखनाचं एक: सुटा शब्द ‘शक्ती’ दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व, ‘शक्तिगुणक’.

प्रश्नकर्ता

‘दर अँपिअरमागे’ म्हटल्याबरोबर भाचीला पटलं, दोघांचे आभार. तिनं लगेच पुढचं काढलं. तारेच्या जुन्या दिव्यावर 230 व्होल्ट, 100 वॅट लिहिलंय. त्यावरून रोध 529 ओहम येतो. मीटर लावला तर दाखवतो चाळीसच्या आसपास. मीटर बिघडलाय का?

उत्तर

मीटर ठीक आहे. 529 हा पेटलेल्या दिव्याचा रोध, मीटरनं मोजलात तो थंड दिव्याचा. टंगस्टनची तार तापते तसा तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. गेओर्ग ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेला नियम तापमान कायम असतानाचा आहे, आणि दिव्यात ते कायम नसतं. विभवांतर भागिले धारा ही रोधाची व्याख्या तेव्हाही लागू असते. तो भागाकार धारेनुसार बदलत नाही, हे सांगतो तो ओहमचा नियम. भाचीला या दोन वाक्यांतला फरक वहीत लिहून ठेवायला सांगा.