हंचबॅक : एक मोठी तोफ की आठ लेसर?

प्रश्न
बॅटलटेक या फाशांच्या युद्धखेळात मी नवखा आहे. मध्यम वजनगटातून (40 ते 55 टन) 50 टनी हंचबॅक हे चालते लढाऊ यंत्र घ्यायचे ठरवले आहे, परंतु खांद्यावर एसी-20 तोफ असलेला मूळ 4जी घ्यावा, की तोफ उतरवून एकूण आठ मध्यम लेसर बसवलेला 4पी, हे ठरत नाही. सर्व शस्त्रे (दोन्हींतला लहान लेसर आणि 4जीतले दोन मध्यम लेसर धरून) लागली तर 4पी 43 गुणांचे नुकसान करतो आणि 4जी 33 गुणांचे. पल्लाही तोफेचा व मध्यम लेसरचा सारखाच, म्हणजे पटावरची 9 षट्कोनी घरे (270 मीटर). मग तोफेचा एवढा दबदबा का?

प्रतिसाद 1
कारण तोफेचे 20 गुण एकाच जागी लागतात. लेसरचे पाच-पाच गुण फाशांच्या मर्जीने हात, पाय, धड असे विखुरतात आणि बहुतेकदा चिलखत खरवडण्यापलीकडे त्यांची मजल जात नाही. कोणत्याही यंत्राच्या डोक्याला जास्तीत जास्त 9 गुणांचे चिलखत आणि आत 3 गुणांचा सांगाडा असतो. म्हणून समोर 100 टनी धूड उभे असले तरी तोफेचा एक गोळा डोक्यावर बसला की खेळ संपतो. तशी संधी छत्तीसात एकदाच येते, पण ती येऊ शकते एवढ्या भीतीनेही प्रतिस्पर्धी 270 मीटरच्या आत यायला कचरतो. शिवाय एका फेरीत 20 गुणांचा फटका बसल्यास तोल सावरण्यासाठी फासे टाकावे लागतात, आणि ती वेळ एकटी तोफ आणते.

प्रतिसाद 2
वरील मत मान्य आहे, पण किंमतही पाहावी. तोफेचे 14 आणि गोळ्यांचे 2 असे 16 टन, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वजन, एकाच शस्त्रापायी जाते आणि मिळतात फक्त 10 गोळे. ज्या उजव्या धडात तोफ आहे तिथे पुढून 20 गुणांचे चिलखत व आत 12 गुणांचा सांगाडा आहे. तेवढे गेले की तोफेबरोबर उजवा हातही गळतो. 4पीला दारूगोळाच नाही, आणि वाचलेले वजन उष्णता शोषण्याच्या सोयीवर खर्च केल्यामुळे तिथे 23 हीट सिंक आहेत. धावत सगळी शस्त्रे डागल्यास 27 उष्णता निर्माण होते, म्हणजे फेरीगणिक 4 साचते. दोन फेऱ्यांत वेग घटतो आणि नेमही बिघडतो, तेव्हा अधूनमधून एक-दोन लेसर गप्प ठेवावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग 4जी घेतल्यास उजवी बाजू शत्रूपासून वळवून डावी पुढे ठेवावी का?

प्रतिसाद 1
तिथेच खरी मेख आहे! गोळ्यांचा साठा डाव्या धडात आहे. एका खणातले पाच गोळे शिल्लक असताना तिथे मर्मी घाव बसला, तर 100 गुणांचा स्फोट आतल्या आत होतो आणि 50 टनी यंत्राचे काहीच उरत नाही. समोरासमोर राहावे, इमारती व झाडीच्या आडून जवळ जावे आणि गोळे कंजूषपणे जपू नयेत. धावूनही ताशी 65 किलोमीटरच वेग आहे आणि उडी मारता येत नाही, त्यामुळे मैदान मोकळे असेल तर मी स्वतः 4पीच घेतो.